बिशपांचे बंदर : मध्ययुगीन लिन नगराची जडणघडण

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफॉक परगण्याच्या पश्चिम टोकाला, समुद्राने जमिनीचा एक चौकोनी घास घेतल्यासारखा दिसतो. त्या उपसागराला ‘वॉश’ म्हणतात. पाणी उथळ, तळाशी गाळ, जागोजाग वाळूचे पट्टे. भरतीला जिथे जहाजे तरंगतात तिथेच ओहोटीला चिखल उघडा पडतो. या वॉशच्या दक्षिण कोपऱ्यात ग्रेट ऊझ नावाची नदी समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी आज ‘किंग्ज लिन’ या नावाचे एक मध्यम आकाराचे गाव आहे. ‘लिन’ हा ब्रिटनच्या जुन्या केल्टिक भाषेतला शब्द. त्याचा अर्थ डोह किंवा तळे. ‘किंग्ज’ म्हणजे राजाचे. परंतु हे राजेपण गावाला १५३७ साली मिळाले. त्याआधीची चार शतके हे गाव ‘बिशप्स लिन’ म्हणून ओळखले जाई. बिशपांनीच ते वसवले, त्यांनीच त्याचे भाडे घेतले, आणि त्यांच्याशीच गावाने पिढ्यान्‌पिढ्या भांडण मांडले. एक धर्मगुरू म्हणून मला या गावाच्या इतिहासाचे कुतूहल वाटते ते याचसाठी. मेंढपाळ हाच जमीनदार असला, तर कळपाचे आणि त्याचे नाते कसे राहते, याचा दीर्घ आणि चांगला नोंदवला गेलेला दाखला इथे सापडतो.

गाव वसण्यापूर्वी तिथे मीठ होते. मिठागर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उन्हात चमकणारे वाफे आणि फळी ओढणारे आगरी बांधव येतात. इंग्लंडच्या त्या ढगाळ किनाऱ्यावर उन्हाचा असा भरवसा नव्हता. तिथले लोक उन्हाळ्यात भरतीच्या पाण्याने खारावलेली वाळू खरवडून गोळा करीत, ती पाण्याने धुऊन दाट खारे पाणी काढीत, आणि दलदलीतून कापून वाळवलेल्या कुजक्या गवतमातीच्या विटा जाळून, शिशाच्या पसरट भांड्यांत ते पाणी आटवीत. मीठ विकले जाई. धुतलेली वाळू मात्र तिथेच टाकली जाई. वर्षानुवर्षांच्या या टाकाऊ वाळूचे उंचवटे झाले, उंचवट्यांनी भरतीचे पाणी अडवले आणि दलदलीत पाय रोवण्याजोगी कोरडी जागा तयार झाली. तिच्यावरच पुढे घरे उभी राहिली. लिनचा पाया हा असा मिठाच्या उकिरड्याचा आहे. मिठाची खरेदी-विक्री चाले म्हणून गाडीवाले येत, होड्या येत, आणि शेजारच्या गेवूड येथील बिशपांच्या जहागिरीच्या कारभाऱ्यांचे तिकडे लक्ष असे.

अशा वेळी या प्रांताचे बिशप झाले हर्बर्ट द लोसिंगा. हा मोठा विद्वान बेनेदिक्तीन मठवासी, पण त्याच्या हातून एक मोठे पाप घडले होते. राजा दुसरा विल्यम याला पैसे देऊन त्याने आपल्यासाठी बिशपपद आणि आपल्या वडिलांसाठी विंचेस्टरच्या एका मठाचे मठाधिपतिपद मिळवले. धर्मपदाची ही खरेदी त्या काळी सर्रास चाले; तरीही लोकांनी त्याला नावे ठेवली आणि त्याचे मन त्याला खाऊ लागले. राजाची परवानगी नसताना तो रोमला गेला, पोप दुसरे उर्बन यांच्यापुढे त्याने आपली बिशपपदाची काठी ठेवली, आणि पोपमहोदयांनी ती त्याला परत दिली. परतल्यावर त्याने धर्मपीठ थेटफर्डहून नॉरिचला हलवले आणि तिथे १०९६ साली भव्य कॅथीड्रलचे काम सुरू केले. त्याने बांधलेली देवळे हे त्याचे प्रायश्चित्त होते, अशी परंपरा आहे. लिन येथील संत मार्गारेटचे देऊळ त्यांपैकीच एक. अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा फार तर ११०१च्या सुमारास ते उभे राहू लागले.

प्रायश्चित्त खरे असेलही. मी ते नाकारीत नाही. पण हर्बर्टचे व्यवहारज्ञानही तितकेच खरे होते. देवळाबरोबर त्याने शनिवारचा बाजार आणि संत मार्गारेटच्या सणाची, म्हणजे जुलै महिन्यातली, जत्रा सुरू केली, आणि देऊळ, बाजार व जत्रा या तिन्हींचे उत्पन्न नॉरिचच्या कॅथीड्रलमधील मठवासीयांना लावून दिले. देवळाला लागूनच त्यांचा एक छोटा मठ झाला. दोन नाल्यांच्या मध्ये, एका बाजूला नदी असलेली ही वस्ती म्हणजे पहिले लिन. देऊळ, त्याच्या दारापुढे बाजार, बाजारामागे धक्का, अशी तिची मांडणी. आजही शनिवार बाजाराचा चौक देवळाच्या दाराशीच आहे. माणसे मिस्सा संपवून थेट खरेदीला जात असतील तर त्यात नवल नाही.

पन्नासएक वर्षांत जागा अपुरी पडली. तेव्हा बाराव्या शतकाच्या मध्याला बिशप विल्यम टर्ब यांनी उत्तरेकडच्या नाल्यापलीकडे दुसरे गाव आखले. त्याला लोक ‘नवी जमीन’ म्हणत. तिथला बाजार मंगळवारचा आणि त्याचा चौक पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा. तिथे संत निकोलसच्या नावाने एक प्रार्थनामंदिर बांधले गेले. निकोलस हा दर्यावर्दींचा पाठीराखा संत. हे मंदिर स्वतंत्र धर्मग्राम नव्हते, संत मार्गारेटच्या देवळाचे ते पोटमंदिर होते. ही बारीकशी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. अडीचशे वर्षांनंतर तिच्यावरून मोठा वाद पेटणार होता. शनिवारचा बाजार मठवासीयांचा, मंगळवारचा बिशपांचा, अशी स्थिती काही काळ राहिली आणि तेराव्या शतकाच्या आरंभी मठवासीयांना मोबदला देऊन बिशपांनी दोन्ही भाग आपल्या हाती घेतले. एका गावात दोन मोठे बाजारचौक कसे, याचे कोडे पाहुण्याला पडते. त्याचे उत्तर हे असे आहे.

याच वाढीच्या काळात, ११९० साली, लिनमध्ये जे घडले ते टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. इतर व्यापारी गावांप्रमाणे इथेही काही यहुदी कुटुंबे होती. धर्मयुद्धाचे वारे वाहत होते. यॉर्कशरमधील मठवासी इतिहासकार विल्यम ऑफ न्यूबरो याने लिहून ठेवले आहे की एका यहुदी माणसाने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, त्याचे पूर्वीचे धर्मबांधव संतापून त्याच्या पाठीस लागले आणि तो देवळात शिरला. आरडाओरडा झाला. व्यापारासाठी बंदरात आलेल्या परक्या तरुणांनी हे निमित्त साधून यहुद्यांवर हल्ला केला, त्यांना ठार केले, घरे लुटली आणि जाळली. दुसऱ्या दिवशी एक यहुदी वैद्य गावात आला. त्याच्या विद्येमुळे आणि सौजन्यामुळे ख्रिस्ती लोकही त्याला मान देत. आपल्या लोकांचा संहार पाहून त्याने उघड शोक केला आणि याचा सूड उगवला जाईल असे तो बोलला. त्यालाही मारले गेले. लुटारू लूट घेऊन जहाजांतून निघून गेले. राजाचे अधिकारी चौकशीला आले, तेव्हा गावकऱ्यांनी सारा दोष त्या निघून गेलेल्या परक्यांवर टाकला. विल्यम हे सांगतो तेव्हा त्याच्या लेखणीतून यहुद्यांविषयी फारशी माया पाझरत नाही, आणि म्हणूनच त्याची साक्ष महत्त्वाची. बंदरात परके येतात, ही बंदराची श्रीमंती. त्या दिवशी तीच गावकऱ्यांची सबब झाली. गावातले कोणी त्या लुटीत नव्हते काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. पुढे पाऊणशे-शंभर वर्षे यहुदी कुटुंबे इंग्लंडमध्ये जीव मुठीत धरून राहिली आणि १२९० साली राजा पहिला एडवर्ड याने त्या सर्वांना देशाबाहेर घालवले.

आता नदीकडे वळू. वॉशच्या मागे शेकडो चौरस मैलांचा दलदलीचा प्रदेश पसरलेला होता. त्यातून वाहणाऱ्या मोठ्या नद्यांचे पाणी पूर्वी बरेचसे विसबीच या गावाकडून समुद्राला जाई. तो मार्ग गाळाने भरत गेला आणि तेराव्या शतकात काही निसर्गाने, काही माणसांच्या कुदळीने, पाण्याचा मोठा ओघ लिनकडे वळला. परिणाम असा झाला की लिनच्या धक्क्यावरून सुटलेली होडी केंब्रिज, हंटिंगडन आणि पुढे पार बेडफर्डच्या बाजूपर्यंत आत जाऊ शकू लागली. रस्ते खराब, बैलगाडीचे भाडे भारी. त्या काळी ज्याच्याकडे नदी त्याच्याकडे व्यापार. मध्य इंग्लंडच्या अर्ध्या डझन परगण्यांचे धान्य आणि लोकर या एका मुखातून बाहेर पडू लागली.

नदीने दिले तसे छळलेही. तिचा प्रवाह पश्चिमेकडे सरकत गेला आणि पूर्वेच्या काठावर गाळ साचू लागला. व्यापाऱ्याचे गोदाम पाण्याकाठी बांधलेले असे. त्याच्या नातवाच्या काळी पाणी वीस-तीस पावले दूर गेलेले असे. मग नातू काय करी? घरातला, रस्त्यावरचा, धक्क्यावरचा सारा केरकचरा आणि माती पुढे टाकून, लाकडी मेढी ठोकून, नवा धक्का बांधी आणि गोदाम लांबवी. १९६०च्या दशकात तिथे जे उत्खनन झाले त्यात हे थर एकावर एक सापडले : चामड्याचे तुकडे, फुटकी मडकी, माशांचे काटे, कुजलेले लाकूड. म्हणून लिनच्या जुन्या व्यापारी घरांचे आकार असे विचित्र आहेत. रस्त्याकडे चिंचोळे तोंड, आणि मागे नदीकडे लांबच लांब पसरलेली शेपटी. एकेका घराची लांबी म्हणजे नदीच्या माघारीची मोजपट्टीच.

१२०४ सालच्या सप्टेंबर महिन्यात राजा जॉन याने सनद देऊन लिनला ‘मुक्त नगर’ केले. व्यापाऱ्यांना आपला संघ ठेवण्याचा हक्क मिळाला. सनद मिळवून दिली ती बिशप जॉन द ग्रे यांनी, आणि त्यांच्या स्वतःच्या हक्कांना तीत धक्का लागू नये याची काळजी घेऊन. हे बिशप राजाच्या खास विश्वासातले. दुसऱ्याच वर्षी कँटरबरीचे आर्चबिशपपद रिकामे झाले तेव्हा राजाने त्यांचेच नाव पुढे रेटले. पोप तिसरे इनोसंट यांनी ती निवड रद्द करून स्टीफन लँगटन यांना नेमले. राजा हटून बसला, आणि १२०८पासून सहा वर्षे साऱ्या इंग्लंडवर धर्मबंदी राहिली. घंटा मुक्या झाल्या, लोकांसाठी उघड मिस्सा होईनात. लिनचे हे उपकारकर्ते बिशप असे अप्रत्यक्षपणे साऱ्या देशाच्या उपासमारीचे निमित्त झाले; अर्थात उपासमार आत्म्याची.

त्या सुमारास लिन केवढे मोठे झाले होते, याचा एक आकडा उपलब्ध आहे. १२०३ ते १२०५ या काळात राजाने बंदरांतील मालावर पंधरावा हिस्सा कर घेतला. लंडनने ८३६ पौंड भरले, बॉस्टनने ७८०, साउदॅम्प्टनने ७१२, लिंकनने सुमारे ६५६ आणि लिनने ६५१. ज्या जागी शतकापूर्वी मीठ आटवणाऱ्यांची खोपटी होती, तिचा क्रम आता देशात पाचवा लागला होता. १२१६च्या ऑक्टोबरात याच राजा जॉनचे लिनमध्ये स्वागत झाले. तिथून निघाल्यावर वॉशच्या चिखलात त्याचे सामानसुमान भरतीत बुडाले आणि आठवड्याभरात तो न्यूअर्क येथे मरण पावला. लिनच्या नगरपालिकेकडे एक देखणा मीनाकाम केलेला चांदीचा पेला आहे. राजा जॉनने तो दिला असे गावकरी अभिमानाने सांगत आले. पण पेल्यावरची माणसांची वेशभूषा साऱ्या बिंग फोडते : तो १३४०च्या आसपासचा आहे. दंतकथा गेली तरी पेला उरतोच, आणि चौदाव्या शतकातील लिनच्या व्यापाऱ्याला काय परवडत होते ते तो सांगतो.

या श्रीमंतीत ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेचा वाटा किती होता, हे सहसा कोणी सांगत नाही. उपवासकाळाचे चाळीस दिवस, शिवाय वर्षभरातले शुक्रवार आणि सणांच्या पूर्वसंध्या, हे सारे मांसवर्ज्य दिवस. मग खायचे काय? मासे. ताजे मासे आत पन्नास मैलांवर पोहोचत नसत. नॉर्वेच्या थंड, कोरड्या वाऱ्यावर मीठ न लावता वाळवलेला कॉड मासा, आपल्या सुक्या बोंबलाचा लांबचा भाऊ म्हणा ना, बर्गेन बंदरातून लिनला येई आणि होड्यांनी आतल्या मठांत आणि खेड्यांत जाई. परतीच्या जहाजांत इंग्लिश धान्य असे, कारण नॉर्वेत ते पुरेसे पिकत नसे. वेदीवरच्या मेणबत्त्यांसाठी मेण बाल्टिक किनाऱ्यावरून येई. त्याच जहाजांतून लाकूड, डांबर, फर आणि शिकारी ससाणे येत. फ्रान्सच्या गॅस्कनी भागातून द्राक्षमद्य येई. त्यातला थोडा वाटा मिस्सेला लागे, फार मोठा वाटा सरदारांच्या आणि, खरे सांगायचे तर, बिशपांच्या पंगतीला. लोकर व मीठ बाहेर जाई, पुढे विणलेले कापड जाऊ लागले.

बाल्टिकचा व्यापार उत्तर जर्मनीच्या शहरांच्या ‘हान्सा’ संघाच्या हाती होता. ल्यूबेक, डान्झिग (म्हणजे आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) ही त्यातली मोठी नावे. तेराव्या शतकापासून हे जर्मन व्यापारी लिनला येत, आणि लिनचे तरुण डान्झिगला वर्षानुवर्षे राहत, तिथे लग्नेही करीत. दोस्ती होती तशी भांडणेही होती. जहाजे पकडली जात, माल जप्त होई. अखेर इंग्लंड आणि हान्सा यांच्यातील युद्ध १४७४च्या युट्रेक्ट येथील तहाने संपले आणि जर्मनांनी लिनच्या नदीकाठी आपली कोठी बांधली. ती त्यांनी १७५१ साली विकली. इमारत मात्र उभी आहे. हान्साची इंग्लंडमध्ये टिकलेली एवढी एकच.

व्यापाऱ्यांचे बळ एकवटले होते ते पवित्र त्रैक्याच्या संघात. नाव धार्मिक, आणि धर्माचरण खोटे होते असेही नाही : मेलेल्या बंधूंसाठी मिस्सा, वेदीपुढे दिवे, गरिबांना मदत, वृद्ध धर्मगुरूंना आधार. पण हाच संघ व्यापाऱ्यांना कर्ज देई, गावाला कर्ज देई, आणि नगराध्यक्ष कोण व्हावा हेही तोच जवळजवळ ठरवी. लहान माणसांचेही संघ होते. १३८९ साली राजाने देशभरच्या संघांची माहिती मागवली तेव्हा एकट्या लिनमधून पन्नासच्या आसपास नोंदी गेल्या. बंधू वारला तर इतरांनी अंत्यविधीला जमावे, तो जवळपास कुठे परमुलखात वारला तर त्याचा देह घरी आणावा, असे त्यांचे नियम. आपल्या गावांतील मयत-संघांची ज्यांना माहिती आहे, त्यांना हे परके वाटणार नाही. गावाची दप्तरे १३०७पासून एका कागदी वहीत ठेवली गेली. चामड्याच्या पानांच्या त्या काळात कागद वापरणे हीही बंदराचीच चैन. कागद जहाजातून येई.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गाव श्रीमंत झाले, त्याला आपला नगराध्यक्ष मिळाला, पण तो निवडून आल्यावर बिशपांपुढे शपथ घेई. न्यायालय बिशपांचे, दंड बिशपांचा, बाजारातील जागेचे भाडे बिशपांचे. १३७७ साली बिशप हेन्री डिस्पेन्सर लिनला आले. वय पस्तिशीच्या आसपास, घराणे लढवय्यांचे. पुढे ते स्वतः फौज घेऊन फ्लँडर्समध्ये लढायला गेले, यावरून माणूस कळावा. नगराध्यक्षापुढे मानाचा दंड धरून चालण्याची रीत होती. बिशपांनी हुकूम केला की तो दंड आपल्यापुढे धरावा. नगराध्यक्ष आणि प्रमुख मंडळी म्हणाली, आमची हरकत नाही, पण सामान्य लोक खवळतील, कृपा करून हा हट्ट सोडावा. बिशपांनी त्यांना भित्रे ठरवले आणि दंड पुढे धरून मिरवणूक काढली. वेशी बंद झाल्या. दगड आले, बाण आले. बिशप जखमी झाले, त्यांचे सोबती त्यांना टाकून पळाले. प्रकरण राजाच्या दरबारापर्यंत गेले. एका काठीसाठी हे सारे! हर्बर्टने आपली काठी पोपमहोदयांच्या पायाशी ठेवली होती; त्याच्या वारसाला दुसऱ्याची काठी हवी होती. त्याच वर्षीच्या डोईपट्टीत लिनमधून तीन हजारांहून अधिक माणसांची नोंद झाली. चौदा वर्षांखालची मुले आणि भिकारी त्यात धरलेले नाहीत. महामारीच्या तीन लाटा येऊन गेल्यावरची ही संख्या आहे. एवढ्या लोकांना कोणाची काठी पुढे आहे याची पर्वा होती, हे बिशपांच्या ध्यानात आले नव्हते.

याच बिशपांपुढे १३९९ साली संत मार्गारेटच्या देवळातील एक धर्मगुरू, विल्यम सॉट्री, उभा केला गेला. लाकडी क्रूसापुढे नमण्यापेक्षा ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला त्या माणसापुढे नमावे, आणि अर्पणानंतरही भाकर ही भाकरच राहते, अशी त्याची मते होती. त्याने ती मागे घेतली. नंतर लंडनला जाऊन पुन्हा तीच शिकवण दिली, आणि १४०१च्या मार्चमध्ये त्याला जिवंत जाळण्यात आले. जॉन विक्लिफच्या अनुयायांपैकी पाखंडासाठी जाळला गेलेला इंग्लंडमधील तो पहिला. त्याची ख्रिस्तप्रसादाविषयीची शिकवण मला मान्य नाही, हे सांगायला नको. पण ज्या वेदीपाशी त्याने मिस्सा केली तिच्या नावाशी त्याची राख जोडलेली आहे. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अपराधांची क्षमा मागितली, तेव्हा सत्याच्या नावाने वापरलेल्या बळजबरीचा आणि इस्राएलच्या लोकांविरुद्ध झालेल्या पापांचा त्यात वेगवेगळा उच्चार होता. लिनच्या इतिहासात दोहोंचीही उदाहरणे आहेत.

सॉट्री सेवा करीत असताना त्याच देवळात एक तरुण बाई प्रार्थनेला येत असणार. मार्जरी केंप हे तिचे नाव. जन्म १३७३च्या सुमाराचा. तिचे वडील जॉन ब्रनम पाच वेळा नगराध्यक्ष झाले होते. तिने बिअर गाळण्याचा धंदा केला, तो बुडाला; घोड्यांची चक्की काढली, तर घोडे चालेनात. चौदा मुले झाली. मग देवाने तिला असे काही ओढून घेतले की ती देवळात मोठमोठ्याने रडू लागे, आणि लोक वैतागत. एका नामांकित प्रवचनकाराने तर तिला आपल्या प्रवचनाला येण्याची बंदी केली. यरुशलेम, रोम, सांतियागो या यात्रा तिने केल्या. तिचा एक मुलगा डान्झिगला स्थायिक झाला, तिथलीच मुलगी त्याने केली. तो वारल्यावर १४३३ साली साठीची ही सासू सुनेला पोहोचवायला बाल्टिकपर्यंत गेली. हान्साचा व्यापार असा एका घरात शिरलेला दिसतो. तिला लिहिता येत नव्हते. तिने सांगितले, आणि एका धर्मगुरूने ते उतरवले. ते हस्तलिखित हरवले होते, ते १९३४ साली एका कॅथलिक कुटुंबाच्या घरात सापडले. इंग्रजीतील पहिले आत्मचरित्र म्हणून आज त्याला मान आहे.

मला त्यातले दोन प्रसंग मोलाचे वाटतात. पहिला, ज्याचा उल्लेख आधी केला तो वाद. संत निकोलसच्या परिसरातील धनिकांना आपल्या पोटमंदिरात स्नानसंस्कार आणि विवाह व्हावेत असे वाटे. मंदिर तर त्यांनी भव्य बांधले होते. त्यांनी रोमकडून हुकूम आणण्याची खटपट केली, पैसा ओतला. मार्जरीने सांगितले, तुम्हाला ते मिळणार नाही. आणि मिळाले नाही. बिशप काही अटींवर राजी होते, पण त्या अटी धनिकांनाच पसंत पडेनात. वाद वरवर स्नानकुंडाचा होता. आतून तो ‘जुने गाव की नवी जमीन’ हा होता, मठवासीयांच्या उत्पन्नाचा होता. ज्यांनी कुठल्याही धर्मग्रामात नव्या चर्चसाठी झालेल्या सभा पाहिल्या आहेत, त्यांनी यावर हसू नये.

दुसरा प्रसंग १४२१च्या जानेवारीतला. मोठी आग लागली, त्रैक्य-संघाचे सभागृह जळाले, ठिणग्या संत मार्गारेटच्या देवळाकडे येऊ लागल्या. धर्मगुरूने मार्जरीला विचारले, पवित्र साक्रामेंत घेऊन आगीपर्यंत जावे काय? ती म्हणाली, जावे. तो गेला. ती देवळात रडत प्रार्थना करीत राहिली. थोड्या वेळाने तीन प्रतिष्ठित गृहस्थ आत आले. त्यांच्या कपड्यांवर बर्फ होते. इतर दिवशी तिच्या रडण्यावर चिडणारे लोक त्या दिवशी तिला ‘रड’ म्हणत होते, हेही ती न विसरता नोंदवते. सभागृह लगेच पुन्हा बांधायला घेतले गेले. काळ्या-पांढऱ्या दगडांचा पट धरलेली त्याची दर्शनी भिंत आजही शनिवार बाजारासमोर उभी आहे.

फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, कार्मेलाईट आणि ऑगस्टिनियन अशा चारही भिक्षू-संघांचे मठ लिनमध्ये होते. त्यांना भाडे घ्यायचे नव्हते, बाजार चालवायचे नव्हते. म्हणून की काय, लोकांचा ओढा त्यांच्याकडे अधिक होता. इंग्रजी शब्दांना लॅटिन प्रतिशब्द देणारा पहिला मोठा कोश १४४०च्या सुमारास इथल्याच एका डोमिनिकन एकांतवासीयाने रचला, तोही मुलांसाठी आणि नॉरफॉकच्या बोलीत. इतिहासकार जॉन कॅपग्रेव्ह हा लिनमध्येच जन्मलेला ऑगस्टिनियन. मरियामातेच्या वॉलसिंगम या पुण्यक्षेत्राकडे जाणारे यात्रेकरू लिनच्या धक्क्यावर उतरत. त्यांच्यासाठी १४८५ साली गावाबाहेर एका टेकाडावर अष्टकोनी विटांचे छोटेसे प्रार्थनामंदिर बांधले गेले. ते अजून आहे.

मग आठवा हेन्री आला. १५३६ साली पार्लमेंटच्या कायद्याने नॉरिचच्या बिशपांची मालमत्ता राजाकडे गेली. बदल्यात बिशपांना संत बेनेटच्या मठाचे उत्पन्न मिळाले. लिनवरील साडेचारशे वर्षांचा हक्क असा अदलाबदलीत संपला. १५३७ साली गावाचे नाव बदलून ‘किंग्ज लिन’ झाले. व्यापाऱ्यांना यात दुःख झाल्याचे दिसत नाही. जे बाणांनी मिळाले नव्हते ते कागदाने मिळाले. पण पुढच्याच वर्षी चारही भिक्षू-मठ बंद झाले, वॉलसिंगमची मूर्ती लंडनला नेऊन जाळली गेली आणि यात्रेकरू यायचे थांबले. दहा वर्षांच्या आत त्रैक्य-संघही मोडीत निघाला. त्याची मालमत्ता नगराच्या ताब्यात गेली.

फ्रान्सिस्कनांच्या मठाचे दगड इतरत्र वापरायला नेले गेले. देवळाच्या मधोमध असलेला उंच, सडपातळ मनोरा मात्र कोणी पाडला नाही. वॉशच्या वाळूतून वाट काढीत येणाऱ्या नाखव्यांना गावाची दिशा कळायला त्याची खूण लागत असे. एका बाजूला किंचित झुकलेला तो मनोरा अजून तिथे आहे. भोवती बाग आहे.